दोन मजली पंख आणि झोपलेला अंगठा: पहिल्या बायप्लेनची वही

४ ऑक्टोबर

रिमोटवर उडवायचं पुढचं मॉडेल विमान बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं, एवढं पक्कं होतं. कोणतं, हे ठरायला तीन आठवडे गेले.

आधी माझी स्थिती लिहून ठेवतो. दोन वर्षं उंच पंखाचा ट्रेनर (शिकाऊ मॉडेल) उडवतोय, त्यातलं शेवटचं वर्ष जोडीला फोमचं एक लो-विंग, म्हणजे पंख बॉडीच्या खाली असलेलं. दोन्ही शाबूत आहेत. मोड २ वर उडवतो, म्हणजे उजव्या स्टिकवर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी), डाव्या स्टिकवर थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी). खरं सांगायचं तर माझा डावा अंगठा थ्रॉटल वरखाली करतो आणि रडरच्या बाबतीत झोपलेला असतो. ट्रेनरला ते चालतं. त्याचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात, रडर विसरलात तरी तो बिचारा वळून घेतो.

पहिली यादी डोळ्यांनी केली होती. टायगर मॉथ सगळ्यात वर: खरं विमान १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्यावर शिकून वैमानिकांच्या पिढ्या तयार झाल्या. शिकाऊ विमान आहे म्हणजे मलाही सोपं जाईल, हा माझा तर्क. दुसरं सॉपविथ कॅमल, १९१६ च्या अखेरीस उडालेलं. तिसरं पिट्स, कर्टिस पिट्स यांनी १९४० च्या दशकात कसरतींसाठी बांधलेलं आखूड, गुबगुबीत विमान.

मैदानावर ज्यांना सगळेच काका म्हणतात त्यांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "रूप बघून घेऊ नकोस. नाकाची लांबी बघ, चाकांमधलं अंतर बघ, आणि पंख जोडायला किती स्क्रू लागतात ते मोज."

"काका, स्क्रू मोजून विमान घ्यायचं?"

"घे रे. दर वेळी मैदानावर अर्धा तास खाली बसून पंख जोडायचे असतील तर तिसऱ्या आठवड्यात तू ते विमान घरीच ठेवशील."

घरी येऊन यादी पुन्हा तपासली. कॅमलचं नाक अगदी आखूड, कारण खऱ्या विमानात तिथे जड रोटरी इंजिन होतं आणि वैमानिक, बंदुका, इंधन सगळं त्याच्या पाठीला लागून. आपल्या मॉडेलमध्ये त्या इंजिनाच्या जागी लहानशी मोटर येते. वजन कुठून आणणार? शिसं भरायचं. म्हणजे पैसे मोजून शिसं उडवायचं. कॅमल बाद. पिट्सचा कारभार फार चपळ, आणि हवेत लांबून बघितलं तर ते येतंय की जातंय कळायला मला तरी वेळ लागतो. बाद. टायगर मॉथच्या चाकांमधलं अंतर कमी, पंखांच्या मध्ये खऱ्यासारख्या तारा, स्क्रू बावीस. जड मनाने बाद.

उरलं एक साधं स्पोर्ट बायप्लेन. कुठल्याही खऱ्या विमानाची नक्कल नाही, दोन्ही पंख सरळ पट्टीसारखे, नाक लांब, चाकं फाकलेली. आठ स्क्रू. फोटोत काही खास दिसत नाही.

७ ऑक्टोबर

आकडे. पंखांची लांबी ११०० मिमी, रुंदी १८० मिमी, दोन्ही पंख सारखे. वरचा पंख खालच्यापेक्षा ६० मिमी पुढे. याला स्टॅगर म्हणतात. अपेक्षित वजन दीड किलो.

क्षेत्रफळ: ११ गुणिले १.८ गुणिले २, म्हणजे ३९.६ चौरस डेसिमीटर. विंग लोडिंग, म्हणजे क्षेत्रफळामागे वजन, साधारण ३८ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. माझ्या ट्रेनरचं ४४ आहे. कागदावर बायप्लेन हलकं निघालं, म्हणून खूश झालो आणि काकांना फोन केला. ते हसले. दोन पंख जवळजवळ असले की एकमेकांची हवा बिघडवतात. वरच्याच्या खालचा जास्त दाब आणि खालच्याच्या वरचा कमी दाब एकाच फटीत येतात आणि एकमेकांना खातात. शिवाय स्ट्रट (पंखांना जोडणाऱ्या उभ्या काड्या), चाकं, सगळ्यांचा अडथळा. त्यामुळे दोन पंखांचं क्षेत्रफळ बेरजेने मोजलं तरी उचल बेरजेने मिळत नाही. ३८ हा आकडा ट्रेनरच्या ४४ शेजारी ठेवायचाच नाही, हे वहीत लाल पेनाने लिहिलं.

मग दोन पंख लावायचेच कशाला? जुन्या काळी कारण बांधणीचं होतं. पंख पातळ, लाकूड आणि कापडाचे. एकटा पंख वाकायचा. दोन पंख, मध्ये उभ्या काड्या आणि तिरप्या तारा असं केलं की पुलाच्या कैचीसारखी हलकी, ताठ पेटी तयार होते. ऑक्टेव्ह शानूट हे मुळात रेल्वे आणि पुलांचे इंजिनीअर. त्यांनी १८९६ च्या ग्लायडरमध्ये पुलाचीच कैची वापरली, आणि राइट बंधूंनी ती उचलली. माझ्या मॉडेलला यातलं काहीही लागत नाही. बाल्साच्या पंखात कार्बनची नळी आहे, एकटा पंखही ताठ राहील. मी दुसरा पंख केवळ हौसेने वाहून नेणार आहे.

मोटर ३५ मिमी व्यासाची, ८०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ८०० फेरे). बॅटरी ४ सेल ३३०० एमएएच लायपो. पंखा, म्हणजे प्रॉपेलर, १२ बाय ६ इंच. ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) ५० अँपिअरचा.

१२ ऑक्टोबर

खोका उघडला. बाल्सा आणि प्लायचा सांगाडा, फिल्म आधीच चढवलेली. वरच्या पंखावर सुरकुत्या होत्या, इस्त्री फिरवून ताणल्या. बिजागऱ्या ओढून बघितल्या. एलेव्हेटरची एक सैल निघाली, पुन्हा चिकटवली. बाकी काही नाही.

१८ ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस एका अंशाच्या मागे गेला.

एका पंखाच्या विमानात पंख बोल्टने बसवला की विषय संपतो. इथे वरचा पंख बॉडीपासून उंचावर, चार कॅबेन स्ट्रटवर बसतो, आणि टोकांकडे दोन्ही बाजूंना एन आकाराचे स्ट्रट त्याला खालच्या पंखाशी बांधतात. म्हणजे वरच्या पंखाचा कोन स्ट्रटच्या लांबीवर ठरतो. स्ट्रट वाकडा तर पंख वाकडा.

नकाशात खालचा पंख ० अंश, वरचा १ अंश. वरच्याला थोडा जास्त कोन देण्यामागे हिशेब आहे. कोन जास्त, म्हणून वेग मंदावला की तो आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल सोडतो, आणि तो पुढे असल्याने नाक आपोआप खाली जातं. उलट झालं, म्हणजे मागचा खालचा पंख आधी सुटला, तर नाक वर जाऊ पाहणार.

कोन मोजायचं महागडं साधन माझ्याकडे नाही. पण हिशेब सोपा आहे: १८० मिमी रुंदीला १ अंश म्हणजे पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिमीहून किंचित जास्त उंच. बॉडी टेबलावर सरळ टेकवली, खालचा पंख सपाट आहे याची खात्री केली, आणि स्टीलच्या पट्टीने वरच्या पंखाच्या चारही जागा मोजल्या. डावीकडे फरक ३ मिमी. उजवीकडे ६.

म्हणजे उजवा अर्धा पंख डाव्यापेक्षा एका अंशाने जास्त. असं विमान सरळ वेगात डावीकडे कलत राहिलं असतं, मी एलेरॉनचा ट्रिम (ट्रान्समीटरवरून कायमची बारीक दुरुस्ती) देऊन ते झाकलं असतं, आणि वेग कमी होताच, नेमकं उतरताना, उजवा पंख आधी स्टॉल होऊन विमान उजवीकडे कोसळलं असतं. ट्रिमने झाकलेला दोष जमिनीजवळ बाहेर येतो.

दोष कुठे, हे शोधायला दुपार गेली. आधी एन स्ट्रटवर संशय. डावा-उजवा बदलून लावला, फरक तसाच. मग पंखच पिळलेला का? पंख सुटा काढून टेबलावर ठेवला, सपाट. शेवटी उजवीकडच्या मागच्या कॅबेन स्ट्रटखालची प्लायची पट्टी सापडली. गोंदाचा थेंब तिथे सुकून स्ट्रटचं बूड तिरकं बसलं होतं. खरवडला, कानशीने घासलं, पुन्हा बसवलं. तरीही ४ मिमी. मग एन स्ट्रटचं भोक किंचित लांबवून ३ वर आणलं.

नंतर समोरून तपासणी: दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोरा लावून. डावं-उजवं २ मिमीच्या आत. चालेल.

तारांऐवजी खोक्यात चंदेरी लवचीक दोरा दिला होता, निव्वळ शोभेचा. लावला नाही. काकांचे आठ स्क्रू आठवले.

२३ ऑक्टोबर

आज गुरुत्वमध्य.

दोन पंख असले की मध्य कुठून मोजायचा? दोन्ही पंख सारखे असतील तर युक्ती अशी: दोन्हींच्या मधोमध एक काल्पनिक पंख धरायचा. स्टॅगर ६०, म्हणून काल्पनिक पंखाची पुढची कड वरच्या पंखाच्या कडेमागे ३० मिमी. तिथून रुंदीच्या पाव, म्हणजे ४५. एकूण वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून ७५ मिमी. नुसता वरचा पंख धरून ४५ वर तोल साधला असता तर विमान नाकाने जड झालं असतं, नुसता खालचा धरून १०५ वर साधला असता तर पहिलंच उड्डाण शेवटचं.

तोलायला बायप्लेन उलट सोपं पडलं. वरच्या पंखाखाली बोटं लावून उचलायचं. वजन बोटांच्या खाली लटकतं, डुगडुगत नाही. बॅटरीसकट १४८० ग्रॅम, तोल ९२ वर. म्हणजे १७ मिमी मागे, शेपूट जड.

१४८० गुणिले १७, साधारण २५,१६०. बॅटरी ३४० ग्रॅमची. ती ५० मिमी पुढे सरकवली तर १७,००० भरून निघतात. उरले ८,१६०. मोटरच्या मागची फळी ७५ च्या खुणेपासून २०० मिमी पुढे आहे, म्हणजे तिथे ४१ ग्रॅम. शेवटी शिसं आलंच. पण ४० ग्रॅम, कॅमलसारखं मूठभर नाही. बॅटरीची बैठक कापून पुढे नेली, तिच्याखाली प्लायचा नवा तुकडा आणि वेल्क्रोचे दोन पट्टे. आता १५२० ग्रॅम, तोल ७५ वर.

हे करताना टायगर मॉथची गोष्ट आठवून गंमत वाटली. त्यात प्रशिक्षक पुढच्या कॉकपिटमध्ये, आणि आधीच्या मॉथमध्ये डोक्यावरच पंख, पॅराशूट घेऊन बाहेर पडायला अडचण. म्हणून वरचा पंख पुढे सरकवला. मग तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे झुकवले. टायगर मॉथच्या पंखांचा जो डौल आहे तो असा, हिशेब जुळवता जुळवता आलेला. माझ्या बॅटरीच्या बैठकीला मात्र कसलाही डौल नाही.

२९ ऑक्टोबर

एलेरॉन दोन्ही पंखांना आहेत. सर्व्हो (फळी हलवणारी लहान मोटर) फक्त खालच्या पंखात, आणि एक बारीक काडी वरच्या एलेरॉनला ओढते. (टायगर मॉथ आणि स्टियरमनला तर वर एलेरॉनच नाहीत.) डिफरन्शियल दिलं: वर १४ मिमी, खाली ८. खाली जाणारा एलेरॉन जास्त अडथळा करतो आणि नाक वळणाच्या उलट बाजूला ओढतो, तो त्रास थोडा कमी व्हावा म्हणून. रडर दोन्हीकडे ४० मिमी. सगळ्यावर ३० टक्के एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळ हालचाल मऊ.

फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटला तर, मोटर बंद. पंखा काढून तपासलं: ट्रान्समीटर बंद केला, मोटर थांबली. मग पंखा लावून विमान बांधलं आणि वॉटमीटर लावला. पूर्ण थ्रॉटलला २८ अँपिअर, १४.२ व्होल्ट, म्हणजे ३९८ वॉट. किलोला २६० च्या वर. पुरे.

२ नोव्हेंबर

उडवलं नाही. ठरवून फक्त जमिनीवर चालवलं, आणि तेवढ्यात अक्कल आली.

शेपटीला चाक असलेलं विमान मी याआधी चालवलेलं नाही. नाकाखाली चाक असलेलं विमान स्वतःहून सरळ धावतं, कारण वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं. इथे वजन मुख्य चाकांच्या मागे. नाक जरा वळलं की मागचं वजन ते वळण वाढवतं. सुपरमार्केटची ट्रॉली उलटी धरून ढकलल्यासारखं. पहिल्या धावेत अर्ध्या थ्रॉटलला नाक डावीकडे गेलं, मी उजवा एलेरॉन दिला (उजवा अंगठा, दुसरं काय), आणि विमानाने स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन माझ्याकडे तोंड केलं. खालच्या पंखाचं टोक गवतात घासलं.

काका खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "एलेरॉनने जमिनीवर विमान वळतं का रे?"

डावीकडेच का जातं, याची कारणं चार आहेत आणि चारही एकाच दिशेला. मोटर पंखा एका दिशेला फिरवते तेव्हा विमानाला उलट दिशेला पिळते, त्यामुळे डावं चाक जास्त दाबलं जातं. पंख्याची हवा बॉडीभोवती पिळत मागे जाते आणि उभ्या शेपटीला डावीकडून धक्का देते. शेपूट जमिनीवर असताना पंखा तिरका असतो, तेव्हा उजवीकडची पाती जास्त ओढतात. आणि शेपूट उचलली जाते त्या क्षणी फिरता पंखा भोवऱ्यासारखा वागून नाक आणखी डावीकडे ढकलतो. उपाय एकच: उजवा रडर, आणि तोही नाक वळायच्या आधी, थ्रॉटलबरोबर.

बावीस धावा केल्या. पहिल्या दहात सात गिरक्या, पुढच्या बारात दोन. कळलेली गोष्ट: थ्रॉटल हळू वाढवायचा, एलेव्हेटर थोडा मागे ओढून शेपटीचं चाक जमिनीवर दाबून ठेवायचं, आणि रडर एकदा देऊन धरून न ठेवता टोचत राहायचं. दिलं, सोडलं, दिलं. संध्याकाळी डाव्या अंगठ्याचं मूळ दुखत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

८ नोव्हेंबर

वारा आडवा, झाडांची टोकं हलत होती. विमान गाडीतून काढलंच नाही. बॅटऱ्या परत सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवल्या.

९ नोव्हेंबर

उडालं. उतरलं म्हणता येणार नाही.

सकाळी वारा पडलेला. रेडिओची रेंज तपासली, फळ्यांच्या दिशा तपासल्या, काकांनी पुन्हा तपासल्या. बॅटरी ओढून बघितली. नाक वाऱ्याकडे. थ्रॉटल हळूहळू, उजवा रडर टोचत. दहा-बारा मीटरवर शेपूट उचलली, नाक डावीकडे ओढलं गेलं, अंगठा आपणहून उजवीकडे गेला, आणि पुढच्याच क्षणी चाकांखाली गवत नव्हतं.

हवेत पहिली गोष्ट जाणवली: मोटर वाढवली की नाक वर जातं. बराचसा अडथळा वरच्या पंखाचा, पंख्याच्या रेषेच्या वर, म्हणून ओढ अशी बसते. एलेव्हेटरचा ट्रिम सहा टिक खाली दिला तेव्हा अर्ध्या थ्रॉटलला सरळ उडायला लागलं. एलेरॉनला ट्रिम एकच टिक. त्या एका अंशावर घालवलेल्या दिवसाची वसुली झाली.

दुसरी गोष्ट: नुसत्या एलेरॉनने वळवलं तर विमान कलतं, पण नाक क्षणभर उलट बाजूला रेंगाळतं, शेपूट लोंबते, आणि वळण ओघळल्यासारखं दिसतं. रडर दिला की तेच वळण रेषेत येतं. इतकं स्पष्ट दिसतं की लाज वाटते. ट्रेनरवरही हे होत असणार, मी बघत नव्हतो.

उंच जाऊन स्टॉल करून बघितला. थ्रॉटल बंद, एलेव्हेटर हळूहळू मागे. नाक सरळ पुढे खाली गेलं, कुठलाही पंख पडला नाही. मोटर दिली, सावरलं. पण तेव्हाच एक गोष्ट बघितली आणि तिचा अर्थ लावला नाही: थ्रॉटल बंद केल्यावर वेग किती झटकन संपला.

सहा मिनिटांचा टायमर वाजला. ट्रेनरच्या सवयीने शेवटच्या वळणावर थ्रॉटल बंद केला आणि ते तरंगत येईल म्हणून वाट बघत उभा राहिलो. ते तरंगलं नाही. पाखरू उतरतं तसं नाही, गच्चीवरून टाकलेल्या उशीसारखं आलं. दोन मीटरवर असताना मी एलेव्हेटर ओढला, वेग नव्हताच, चाकं धाडकन आपटली, उडी मारली, पुन्हा आपटली, नाकावर उभं राहिलं आणि पाठीवर पडलं. पंखा तुटला. वरच्या पंखावर फिल्म फाटली. बायप्लेन उलटलं की वरचा पंख आणि कॅबेन स्ट्रट सगळा भार घेतात.

"मोटर का बंद केलीस?" काकांनी विचारलं.

"उतरायचं होतं."

"उतरायला मोटर लागते याला."

११ नोव्हेंबर

दुरुस्ती. पुढचा डावा कॅबेन स्ट्रट मुळाशी चिरला होता. इपॉक्सी भरून दोन्ही बाजूंनी १ मिमी प्लायची ठिगळं. चाकांच्या तारेचा ठोकळा बॉडीत सैल झाला होता, तोही इपॉक्सीने. सुकल्यावर चारही कोपरे पुन्हा मोजले: ३ आणि ३. तोल पुन्हा बघितला, ७६.

मोटर आणि फळीच्या मध्ये वरच्या दोन बोल्टखाली १ मिमीचे वॉशर घातले. बोल्टमधलं अंतर ४४ मिमी, म्हणजे मोटर साधारण १.३ अंश खाली झुकली. मोटर वाढवल्यावर नाक वर जाणं याने कमी व्हायला हवं.

१६ नोव्हेंबर

चार उड्डाणं, चार लँडिंग, त्यातली तीन सांगण्यासारखी.

पद्धत आता अशी. शेवटचं वळण आधीपेक्षा उंच आणि जवळ. थ्रॉटल पावच्या आसपास ठेवून नाक किंचित खाली. वेग एलेव्हेटरने धरायचा आणि किती खाली यायचं ते थ्रॉटलने. चाकं गुडघाभर उंचीवर आली की एलेव्हेटर हळू मागे, मोटर अजून चालू, आणि चाकं गवताला लागल्यावरच थ्रॉटल बंद. मग पुन्हा रडर, कारण वेग कमी झाला की गिरकीचा मोह सुरू होतो. दुसऱ्या लँडिंगला थ्रॉटल अर्धा सेकंद लवकर बंद केला. लगेच आपटलं. पण उलटलं नाही.

वॉशरचा उपयोग झाला. ट्रिम सहावरून दोन टिकवर आला.

बॅटरीत सहा मिनिटांच्या उड्डाणानंतर १७५० एमएएच परत भरले. म्हणजे सरासरी साडेसतरा अँपिअर. एवढ्याशा विमानाला हे जास्त वाटतं, पण अडथळा ओढायला वीज लागणारच. टायमर सात मिनिटांवर नेला. परत येऊन उतरायला मोटर लागते, तेव्हा बॅटरी तळाला नेऊन चालणार नाही.

लूप केला. वर जाताना पूर्ण मोटर, लहानसा गोल लूप, आणि खाली येताना वेग वाढतच नाही. हाच अडथळा इथे कामी येतो. लो-विंगचं फोम खाली येताना सुसाट सुटतं, हे सगळीकडे जवळपास एकाच वेगात फिरतं. लोक बायप्लेनवर जीव का टाकतात ते या लूपमध्ये कळलं. आणि संथ, जवळून, डोळ्यांच्या उंचीवरून जाताना दोन पंखांमधून पलीकडचं आकाश दिसतं. चार वेळा त्याच रेषेवरून नेलं.

२३ नोव्हेंबर

ट्रान्समीटरमध्ये मिक्स लावून बघितला: एलेरॉन दिला की २० टक्के रडर आपोआप. हवेत सुंदर. वळणं रेषेत, अंगठ्याला आराम. लँडिंगला मात्र गडबड. बाजूचा थोडा वारा होता, उजवा पंख वाऱ्याकडे झुकवून डावा रडर द्यायचा होता, आणि मिक्स मला उजवा रडर देत होता. दोघं भांडलो. तिरकं उतरलं, खालच्या पंखाचं टोक पुन्हा घासलं.

राइट बंधूंनाही याच वाटेने जावं लागलं. १९०२ च्या ग्लायडरवर त्यांनी रडर पंख पिळण्याच्या दोऱ्यांनाच जोडला होता, कारण वळताना नाक उलटं ओढलं जायचं. १९०५ च्या विमानात तो सोडवून वेगळा केला. मी एका दुपारी जोडून सोडवला, इतकाच फरक. मिक्स काढून टाकला.

आणखी एक. ढगाळ होतं, विमान लांब गेलं, आणि दोन सेकंद मला ते येतंय की जातंय कळेना. दोन पंखांची आकृती समोरून आणि मागून सारखीच दिसते. एलेरॉन हलवून बघितला, कळलं, परत आणलं. संध्याकाळी खालच्या पंखाच्या पोटाला काळ्या फिल्मचे तीन रुंद पट्टे लावले, वरचा पंख पिवळा तसाच. पोट आणि पाठ तरी आता वेगळी दिसतील. दिशेसाठी नियम: जवळ ठेवायचं.

३० नोव्हेंबर

बायप्लेनची पाच उड्डाणं. शेवटच्या लँडिंगला काकांनी फक्त मान हलवली.

ते आटोपल्यावर बऱ्याच दिवसांनी ट्रेनर काढला. उडवायला लागल्यावर डावा अंगठा न विचारता रडरवर गेला, आणि काहीतरी खटकलं. रडर दिला तरी ट्रेनर अर्धा क्षण ढिम्म, मग एकदम वळतो. उतरवून बघितलं. रडरची काडी सर्व्होच्या हॉर्नमध्ये, म्हणजे दांडीत, सैल. भोक लांबट होऊन तीन मिमी खेळ. कधीपासून असं असेल? त्या विमानाला रडर मी दिलाच नव्हता, कळणार कसं.

नवा हॉर्न लावला, काडीचं वाकलेलं टोक कापून झेड पुन्हा वाकवला. शेपटीच्या चाकाचा स्प्रिंगही बायप्लेनवर बदलायचा आहे, डावीकडे ढिला झालाय. दोन्ही पुढच्या आठवड्यात तपासायचे.